पाचवं रीळ

“ते चित्र बघू नगंस, हरिबा,” रामहरी म्हणाला.

म्हणाला म्हणजे नुसते ओठ हलवले. गिरणीच्या साचेखात्यात दोनशे साचे, म्हणजे माग, धडधडत असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांवरच बोलतात, आणि समोरच्याला कळावं म्हणून तोंड चांगलं वासून बोलतात. घरी गेल्यावरही ही खोड जात नाही. बायका हसतात.

पलीकडच्या साच्यावर हरिबानं तुटलेला धागा जोडला आणि वर पाहिलं. “का? लई रडकं हाय?”

“भिकार हाय.”

नवल वाटावं असंच होतं हे. सोलापुरात नवं चित्र आलं की पहिला खेळ रामहरीचा. घरात चूल पेटली नाही तरी चालेल, पण चित्र चुकायचं नाही. एकदा तरी आपलं तोंड पडद्यावर झळकावं, ही त्याची जुनी हौस. आजवर त्यानं कुठल्या चित्राला नावं ठेवली नव्हती. त्याच्या शब्दावर त्यांच्या साच्यांची सगळी ओळ तिकीट काढायची आणि दुसऱ्या दिवशी साच्यांवरून चर्चा झडायची.

चित्रं मुकी असायची, म्हणून थेटरात पडद्यावरच्या पाट्या वाचून दाखवायला ईश्वरप्पा होता, मराठीतून आणि कानडीतून. पण साचेवाल्यांची गंमत वेगळीच. ईश्वरप्पा वाचायचा, ‘प्राणनाथ, चालले मी!’ आणि पडद्यावर राणीचे ओठ म्हणत असायचे, ‘अगं बाई, मुंगी चावली.’ ऐन मरणाच्या प्रसंगात साचेवाले खो खो हसायचे. बाकीचं थेटर त्यांना वेड्यात काढायचं.

या चित्रावर मात्र रामहरीला चकार शब्द बोलायचा नव्हता. ते त्यानं लागोपाठ तीन दिवस पाहिलं होतं. पाचवं रीळ आलं की तो बाकावर पुढं सरकायचा, गर्दीतला एकेक चेहरा निरखायचा, आणि रीळ संपलं की उठून घरी जायचा.

जेवणाच्या सुटीत हरिबानं त्याला गाठलंच. दोघं नळाजवळच्या कडुलिंबाखाली भाकरी सोडून बसले.

“खरं सांग. आपल्या तळ्यावर काडलेलं चित्र ते. समदं गाव बघतंय, आन मलाच का नगं?”

रामहरीचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. “येडू हाय त्येच्यात,” तो शेवटी म्हणाला.

हरिबाच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

येडू म्हणजे हरिबाचा धाकटा भाऊ, याच ओळीत शेवटच्या साच्यावर असायचा. गेल्या वर्षी सिनेमाची कंपनी किल्ल्याजवळच्या तळ्यावर उतरली आणि राणीची प्रजा म्हणून तिनं गावची माणसं पायऱ्यांवर उभी केली. कामाला दांडी मारून येडू तिकडं गेला. संध्याकाळी त्याला पाण्यातून बाहेर काढलं. गर्दीत पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. रामहरी दुसऱ्या दिवशी दुधनीहून, बहिणीकडून परतला तो थेट हरिबाच्या दारात, आणि त्याच्या गळ्यात पडून रडला.

“हुबेहूब दिसतोय बग,” रामहरी म्हणाला. “हसतोय. तुला सोसायचं न्हाय, हरिबा. खपली कशाला काडतोस?”

हरिबानं भाकरी परत फडक्यात बांधली.

“त्येचा फोटूसुदीक न्हाय आमच्याकडं,” मग तो म्हणाला. “म्हातारी त्येचं तोंड इसरत चाललीया. रोज इचारती, येडूचं नाक कसं हुतं रं?”

रामहरीला म्हातारीची कीव आली, आणि कीवेपेक्षा भीती जास्त वाटली. त्यानं हरिबाचा हात धरला. “माजी शपत हाय तुला. जाऊ नगंस.”

“बरं,” हरिबा म्हणाला.

पण मेलेल्या भावाचं तोंड दिसणार असताना शपथ कोण पाळतो? सुटीच्या दिवशी दुपारी रामहरी थेटरासमोरच्या पानाच्या दुकानाआड उभा होता. हरिबा आईचा हात धरून आत गेला. त्याच्या मागून मल्लप्पा गेला, चन्नवीर गेला, येडूला बघायला सगळी ओळच गेली. रामहरीला न विचारता ओळीनं पाहिलेलं हे पहिलंच चित्र.

खेळ सुटेपर्यंत थांबायचा धीर त्याला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी भोंग्याबरोबर तो साच्यावर हजर झाला. साचे सुरू झाले. एरवी नव्या चित्रानंतरची सकाळ म्हणजे ओळभर नुसती तोंडं चालायची. आज एकाचाही ओठ हलत नव्हता. मल्लप्पानं मान फिरवली. चन्नवीर हातात धोटा घेऊन त्याच्याकडं बघत राहिला.

शेवटी रामहरीनंच तोंड उघडलं. “बगितलंस व्हय?”

“बगितलं,” हरिबाचे ओठ म्हणाले.

“म्हातारी?”

“तिला लई बरं वाटलं. तिला ओटावरचं कळत न्हाय.”

रामहरी धाग्याशी चाळा करू लागला. “तरी म्या म्हनत हुतो, बघू नगंस. त्यो हसताना बगून…”

“येडू हसत न्हाय, रामहरी.”

हरिबानं आपला साचा बंद केला. मग मल्लप्पाचा थांबला, मग चन्नवीरचा. लांबून जॉबर, खात्याचा मुकादम, हातवारे करत येऊ लागला, त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. सगळे रामहरीच्या तोंडाकडं बघत होते.

हरिबानं पडद्यावरच्या येडूसारखी खांद्यावरून मागं मान वळवली, तसंच तोंड वासलं आणि आवाज न काढता एकेक शब्द सावकाश म्हटला, “ढकलू नगा की, रामहरीदादा! फुडं तुमीच ऱ्हावा. मला पवता येत न्हाय.”