दोन रिकाम्या जागा

चित्रगुप्ताने कपाटाची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "घे सांभाळ. एकशे बारा माणसं आहेत आत. सगळी जिवंत."

चित्रगुप्त हे त्याचं ऑफिसातलं पाठीमागचं नाव; तोंडावर सगळे काका म्हणत. मोठी माणसं हयात असतानाच त्यांचे मृत्युलेख लिहून तयार ठेवायचे, हे त्याचं वर्तमानपत्रातलं काम. एकतीस वर्षं त्याने तेच केलं. आज शेवटचा दिवस. गुडघे बोलायला लागले म्हणून लवकर निवृत्ती घेतोय, असं त्याने सांगून ठेवलं होतं. गुडघ्यांना काही धाड भरली नव्हती. दुखणं यकृतात होतं आणि डॉक्टरांनी फार तर चार महिने दिले होते. हे फक्त त्याला आणि बायकोला ठाऊक होतं.

त्याच्या जागी आलेली ती दोन मुलांची आई, कालपर्यंत राशिभविष्याचं पान बघायची. "तिकडे उद्या काय होईल ते छापत होते," ती म्हणाली. "इथे जे होणारच ते."

"इथलं भविष्य चुकत नाही. उशीर होतो, एवढंच."

त्याने सगळ्यात खालच्या खणातली फाइल काढली. बाकीच्यांच्या वाट्याला दोन-दोन पानं आली होती, हिच्यात पाच होती. पहिल्याच ओळीत पेन्सिलीने लिहिलं होतं: 'वयाच्या ७९व्या वर्षी'. दर वाढदिवसाला तो जुना आकडा खोडून नवा घालायचा. खोडून खोडून तिथला कागद विरला होता.

"हा कोण?" तिने विचारलं.

"गाणी लिहितो. रॉक. स्वतःच गिटार घेऊन गातो." एवढ्यात काहीच सांगून झालं नाही, हे त्याचं त्यालाच कळलं. "बाकीचे घसा फोडून जे सांगतात ना, ते हा शेजारी बसून सांगतो. बोटीला रंग देणाऱ्या माणसाचं एक गाणं आहे. गाणंभर तो रंगच देत बसतो, बोट काही पाण्यात जात नाही. शेवटी ड्रम थांबतात, गिटार थांबते आणि लाकडावर ब्रश घासल्याचा आवाज तेवढा राहतो. माझे वडील गेले तेव्हा मला रडूच येईना. विशीत होतो. घरचे म्हणाले, दगड आहे पोरगा. आठवड्याने रेडिओवर हे लागलं, तेव्हा रडलो एकदाचा."

वृत्तसंपादक चहाचा कप घेऊन चालला होता. जाता जाता तो फाइलीत डोकावला. "पाच पानं? काका, आता याला ओळखतं कोण? दोनशे शब्दांत बसव गं हे." आणि पुढे गेला. माणूस वाईट नव्हता. पानावरची जागाच दिवसेंदिवस आक्रसत चालली होती.

बाकीची शेकडो माणसं चित्रगुप्ताने नोकरी म्हणून लिहिली होती. ही पाच पानं तेवढी कुणी न सांगता लिहिली. जन्मात त्याने स्वतःचं म्हणून लिहिलेलं काय, तर एवढंच. तो इथे असता तर वृत्तसंपादकाच्या टेबलाशी ठाण मांडून बसला असता, पण तो असणार नव्हता.

त्याने मोबाइल काढला. इयरफोनचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं आपल्या कानात घातलं. "एकदा ऐक तर खरी."

आजूबाजूला फोन खणखणत होते, प्रिंटर कुरकुरत होता. ती एका कानाने ऐकत राहिली. "आवाज काही बरा नाही हो याचा," ती म्हणाली.

"नाहीच मुळी." तो पहिल्यांदाच हसला. "म्हणून तर घरचंच कुणी गातंय असं वाटतं."

गाणं कानात चालू असतानाच ती पानं वाचायला लागली. तिसऱ्या पानावर ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "काका, यातलं कापायचं काय? पण मी पडले नवीन. साहेब म्हणाले दोनशे, तर मला दोनशेच करावे लागतील. माझं कोण ऐकणार इथे?"

"बरोबर आहे तुझं. तू कशाला भांडणं ओढवून घेतेस?" त्याने कपाटाच्या दाराकडे बोट दाखवलं. आतल्या बाजूने एक पिवळा पडलेला कागद चिकटवला होता. "सातवा नियम वाच बघू."

तिने वाचला. "लेखक आधी निवर्तल्यास लेखाखाली तशी ओळ तारखेसह द्यावी. अशा लेखास कात्री लावू नये."

"जुन्या मालकांनी घातलेला नियम. आजवर तीनदा वेळ आली, तिन्ही वेळा पाळला गेला. हा साहेबही मोडणार नाही."

त्याने खोडरबर घेतलं आणि कागद फाटणार नाही अशा बेताने वरचा ७९ पुसला. मग पाचवं पान काढून तळाला पेन्सिलीने, मोती जोडावेत तशा अक्षरात लिहिलं: 'या लेखाचे लेखक दिनांक ______ रोजी निवर्तले.'

ती त्या ओळीकडे बघत राहिली. "काका, तुमचे गुडघे..."

"गुडघे ठणठणीत आहेत."

त्याने पानं नीट जुळवून फाइल तिच्यापुढे सरकवली. "वर त्याचं वय घालायचंय. म्हातारा खुटखुटीत आहे, त्याची घाई नको. खालची जागा आधी भर."

तिने मान हलवली. ड्रम थांबले होते, गिटारही थांबली होती. तिने कानातलं काढलं नाही. दोघांच्या एकेका कानात ब्रश घासत राहिला.