उजवा पाय

उड्यांच्या स्पर्धा गाजवणाऱ्या घोडीच्या पुढच्या डाव्या खुरात खिळा रुतून आत पू झाला, आणि तीन महिने अख्खा तबेला त्या एका पायाच्या दिमतीला लागला. रोज शेक, रोज नवी पट्टी, वर इंजेक्शनं. "एवढे लाड तर माझ्या लग्नातसुद्धा कुणी केले नाहीत माझे," घोडीची निगा राखणारा मोतद्दार म्हणायचा.

आज डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. डावा खूर ठणठणीत बरा झाला होता. पण घोडीला उभंच राहवेना. बाईंनी उजव्या खुराचा एक्स-रे काढला. खुराच्या आतलं हाड सुटून पार तळाला आलं होतं. आता इलाज नव्हता.

"अहो, पण हा तर चांगला पाय होता!" मालक ओरडले.

"तीन महिने सगळा भार त्यानंच उचलला ना. चांगला आहे म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही. मीसुद्धा," बाई म्हणाल्या.

घोडीला शेवटचं इंजेक्शन देऊन बाई गाडीत येऊन बसल्या. घरी त्यांचा धाकटा मुलगा छोटू आठ महिने अंथरुणाला खिळलेला. त्याचं औषधपाणी, त्याची जागरणं, सगळं थोरली लेक कॉलेज सांभाळून करत होती. गुणाची पोर, कधी कुरकुर म्हणून नाही. बाईंनी तिला फोन लावला आणि रोजच्यासारखं छोटूचं न विचारता एवढंच विचारलं, "तू कशी आहेस गं?"



पलीकडून लेकीनं घाबरून विचारलं, "आई, खरं सांग, छोटूचे रिपोर्ट वाईट आलेत का?"