शून्याचं कारण

“एकही नाही?” तिने पुन्हा विचारलं.

“नाही म्हणजे नाही, बाई,” चौकीतला हवालदार म्हणाला. “त्या वळणावर आजवर एकाही अपघाताची नोंद नाही. आता तुमच्यासाठी मी तो घडवून आणू का?”

उद्या सुनावणी होती. शाळेसमोरच्या वळणावर गतिरोधक हवा, असा वस्तीचा अर्ज होता. तो मांडायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. ‘तू संख्याशास्त्र शिकलीस, तूच बोल,’ असं म्हणून सगळे मोकळे झाले होते. तिचं नाव सर्वांत आधी पुढे केलं होतं ते तिच्या वडिलांनी. नगरपालिकेचा नियम सरळ होता. अपघातांची नोंद असेल तरच गतिरोधक. अर्ज एकदा फेटाळला की तीन वर्षं पुन्हा विचार नाही.

भाषण लिहून तयार होतं. फक्त आकड्याची जागा कोरी होती.

ती दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सने संगणकावर शोधलं आणि मान हलवली. “पुढच्या चौकातले हवे तेवढे जखमी देते. तुमच्या वळणावरचा एकही नाही. नशीबवान आहात.”

नशीब हे स्पष्टीकरण तिला कधीच पटलं नव्हतं. तिने रस्त्याची रुंदी मोजली होती. उतार मोजला होता. वरून येणाऱ्या गाडीला शाळेचं फाटक अगदी शेवटच्या क्षणी दिसायचं. तिथे अपघात व्हायलाच हवेत. होत नाहीत, म्हणजे एक तर कुणीतरी नोंद दडवतंय किंवा आपलं गणित चुकतंय. दोन्ही शक्यतांनी तिचं डोकं उठलं होतं.

शेवटी तिने ठरवलं, आता स्वतःच उभं राहायचं. अपघात नाहीत तर नाहीत, थोडक्यात टळलेले तरी मोजायचे. सोबत असावी म्हणून तिने बाबांना फोन लावला. उचलला आईने.

“ते गेले पाय मोकळे करायला. फोन इथेच पडलाय. या माणसाला फोन घेऊन देणाराच वेडा.”

“मीच दिलाय, आई.”

“मग तूच.”

ती वळणावर पोचली तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. फाटकातून पोरांचा लोंढा बाहेर पडत होता. उतारावरून एक ट्रक येत होता. आणि रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, तिचे बाबा उभे होते.

“ए ट्रकवाल्या! ब्रेक काय शोभेला बसवलाय? थांब!”

बाबांचा जन्म कारखान्यात फोरमनकी करण्यात गेला होता. धडधडत्या यंत्रांच्या वर चढणारा आवाज होता तो. ट्रक थांबला. बाजूने एक मोटारसायकलवाला घुसू पाहत होता. बाबांनी त्याचं हँडलच धरलं. “एवढी कसली घाई? बोहल्यावर चढायचंय का?”

पोरं डावी-उजवीकडे न बघता, गप्पा मारत रस्ता ओलांडत होती. म्हणजे हे रोजचंच होतं. तिला मोबाइल बाहेर काढायचंही भान राहिलं नाही.

शेवटचं पोर पलीकडे गेलं तशी ती बाबांवर धावून गेली.

“हे कधीपासून चाललंय?”

“निवृत्त झाल्यापासून. शाळाही तेव्हाच सुरू झाली इथे.”

“आणि घरी सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंत?” बाबा फूटपाथच्या कडेला बसून गुडघा चोळत होते. “आता मात्र हे गुडघे फार दिवस साथ देतील असं वाटत नाही. म्हणून तर तुला बोलायला लावलं.”

“अहो बाबा, आठवडाभर मी दारोदार हिंडतेय! तुम्ही इथे उभे राहता म्हणून माझी नोंद शून्य आहे!”

“मग काय करू? तुझ्या भाषणासाठी एखादं पोरगं जाऊ देऊ गाडीखाली?”

ती आणखीच चिडली.

“उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं. साहेबांसमोर. तुम्हीच माझा पुरावा.”

“येतो की,” बाबा म्हणाले.

आणि ते आलेही. इस्त्रीचा शर्ट घालून, तिच्याआधी तयार होऊन. पण सकाळची सुनावणी लांबत गेली. साहेब बैठकीत होते, मग जेवायला गेले, मग दुसऱ्या बैठकीत शिरले. बाकावर बसून ती भाषण वाचत राहिली. अखेर शिपायाने वस्तीचं नाव पुकारलं. ती वळली. शेजारची जागा रिकामी होती.

बाबा व्हरांड्यात नव्हते. जिन्यात नव्हते. ऐन वेळी! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती एकटीच आत गेली.

“अपघात किती?” साहेबांनी मान वर न करता विचारलं.

“शून्य,” ती म्हणाली. आणि ते शून्य कसं आलं, ते तिने सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. हसू आवरत म्हणाले, “म्हणजे एक निवृत्त गृहस्थ रोज हात पसरून गाड्या अडवतात, म्हणून अपघात होत नाहीत. छान आहे. कुठे आहेत ते? बोलवा की आत.”

ती खुलासा करायला तोंड उघडणार, एवढ्यात साहेबांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. तिचा राग जागच्या जागी विरला.

“आत्ता नाही येऊ शकत, साहेब,” ती म्हणाली. “शाळा सुटतेय.”