एका रेषेत

अर्धांगवायूनंतर बाबांचं तोंड वाकडं झालं होतं. व्यायामांचा किती फायदा झाला ते बघायला डॉक्टरीणबाईंनी त्यांचा फोटो काढला. सॉफ्टवेअरनं चेहऱ्यावर आपोआप हिरवे ठिपके मांडले. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांचे ठिपके एका रेषेत आले. "तोंड सरळ झालं की. आता व्यायाम बंद," बाई म्हणाल्या. "आमच्या लेकीनंच शिकवलंय या सॉफ्टवेअरला," बाबांनी ऐटीत सांगितलं. लेक शेजारीच बसली होती. सॉफ्टवेअरला फोटो दाखवून शिकवताना वाकड्या तोंडांचे फोटो तिनंच 'खराब' म्हणून वगळले होते. त्यांच्यावर ठिपके चुकायचे आणि कंपनीतले साहेब कटकट करायचे. सॉफ्टवेअरला फक्त सरळ तोंडं ठाऊक होती. बाबांनी पाण्याचा घोट घेतला. डाव्या कोपऱ्यातून ओघळ शर्टावर उतरला. "बाबा, ते सॉफ्टवेअर..." ती सांगू लागली. "त्याचं बरोबरच असणार गं," रुमालानं घाईघाईत हनुवटी पुसत ते म्हणाले, "मलाच अजून नीट पिता येत नाही."