ताठ पीस
गळावर दोऱ्याने पिसं गुंडाळून मासेमारीच्या आमिषाच्या खोट्या माश्या बनवणं हा बाबांचा धंदा. कोंबड्याच्या मानेचं पीस ते ओठांवर फिरवून पारखत. ताठ असेल तरच माशी पाण्यावर तरंगते. पक्षाघातानंतर ओठ बधिर झाले, पण सवय सुटली नाही. ते नकळत मऊ पिसं निवडत, आणि लेक त्यांच्या बुडणाऱ्या माश्या डबीतून गुपचूप काढून तिथे स्वतः बनवलेल्या ठेवी. आज जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, हात अजून तस्साच!" बाबांनी माशी उजेडात धरली. दोरा उलटा गुंडाळलेला होता, लेक डावखुरी. गिऱ्हाईक जाताच त्यांनी डबी भिंतीवर भिरकावली. "माझ्या नावावर तुझं काम खपवतेस?" "काय करू? तुमच्या माश्या दगडासारख्या बुडतात!" तीही कडाडली. "मग तोंड शिवलं होतं का? ओठ मेले, डोळे शाबूत आहेत! ओढ खुर्ची, बघून पीस कसं निवडायचं ते शिकव मला!"