नमुना

बाटली अजून रिकामीच होती. ओग्न्याननं नळ सोडला, डोळे मिटले, रुसे ते सोफिया या आपल्या बसच्या वाटेवरची सगळी गावं मनात म्हणून पाहिली. काही उपयोग झाला नाही. देखरेखीला नेमलेला म्हातारा स्तामेनकाका पाठ फिरवून का होईना, उघड्या दारात उभाच होता. नशेच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना देताना जवळ माणूस हवा, असा बस कंपनीचा नियमच होता.

"काय ओग्न्या, बाटली भरतोयस की डॅन्यूब?" बाहेरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. सगळे ड्रायव्हर खो खो हसले.

ओग्न्यानचे कान तापले. एकोणीस वर्षं तो लांब पल्ल्याची बस चालवत होता. थांबा आला की प्रवासी मुतारीकडे धावायचे आणि हा टायर तपासत फिरायचा. भर उन्हाळ्यात दोन घोट पाण्यावर दिवस काढायचा. मूतखडा दोनदा झाला. बायकोला वाटे, त्यांच्या घराण्यातच आहे. शाळेत असताना तीन पोरं मुतारीत त्याच्या मागे उभी राहून मोठ्यानं आकडे म्हणायला लागली होती. नव्वदपर्यंत गेली. तेव्हापासून मागे कुणी असलं की त्याचं अंगच आखडायचं. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पन्नाशीच्या बाप्यानं सांगायचं तरी कसं?

अकरा वाजता तो डॉक्टरीणबाईंसमोर येऊन बसला.

"तीन तास झाले," त्या म्हणाल्या. "नमुना दिला नाही म्हणजे तपासणीला नकार. कारण काय लिहू?"

"लिहा, जागं राहायच्या गोळ्या घेतो म्हणून."

नोकरी जाणार हे त्याला कळत होतं. तरी त्याला जरा हलकंच वाटलं. गोळ्या घेणाऱ्याला लोक शिव्या देतात, हसत नाहीत. त्यानं सहीसाठी पेन उचललं.

स्तामेनकाकानं ते काढून घेतलं. "खोटं बोलतोय हा, बाई. याला कुणाच्या देखत लघवी होत नाही. खरं ना रे?"

ओग्न्यानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून तो कसाबसा "हो" म्हणाला.

बाईंनी कपाटातून सुई काढली. "मग रक्त घेऊ. बाही वर करा."

दहा मिनिटांत सगळं उरकलं. ओग्न्याननं म्हाताऱ्याला जिन्यात गाठलं. "काका, तुम्हाला कसं कळलं?"

"दोन वर्षांमागे दिमोलाही मीच त्या दारात उभा राहून पाहिलं. असाच घाम पुसत होता. मग गोळ्या कबूल करून मोकळा झाला. मला कळत होतं सगळं. पण मी गप्प बसलो."

अकरा वर्षं ओग्न्यान आणि दिमो एकच बस आलटून पालटून चालवत होते. दिमोला काढलं त्या दिवशी, "चाळीस जणांच्या जिवाशी खेळलास" म्हणून डेपोत सगळ्यांदेखत त्याच्या पायाशी थुंकला होता तो ओग्न्यानच.

दुपारी तो दिमोच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. दिमो मिरच्यांना पाणी घालत होता. त्यानं पाहिलं आणि पाठ फिरवली.

"दिमो, आज माझी तपासणी होती," ओग्न्यान म्हणाला. "मला लघवीच झाली नाही. तुझ्यासारखंच."

वाफा भरून पाणी वाटेवर आलं, तरी दिमो हलला नाही.

"मग? कोणत्या गोळ्या सांगितल्यास?"

"खरं काय ते सांगितलं. त्यांनी रक्त घेतलं आणि सोडलं."

दिमो हळूच वळला. मग त्यानं अगदी खालच्या आवाजात विचारलं, "असं सांगता येतं?"