बाळंतिणीचा आहार

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही सूनबाई, पण या दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये मी बाळंतीण आहे!"

शेजारच्या खाटेवरच्या, पाय मोडलेल्या गड्याची बायको डबा उघडता उघडता थांबली. डब्यात डिंकाचे लाडू होते. मधुमेहापायी आठवडाभर माझ्या ताटात नुसता दुधीभोपळा पडत होता. मी खाटेवरून उतरलो आणि कोपऱ्यातल्या मोठ्या खोक्यावर, तिच्याजवळ, ऐसपैस बसलो.

"केसपेपर बंद झाले ना आता? सगळ्यांची माहिती यंत्रात भरताना माझी साखर गेली बाळंतिणींच्या वॉर्डातल्या एका पोरीकडे, आणि तिचं बाळंतपण आलं माझ्याकडे. काल मोठे डॉक्टर आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्या मिशांकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. म्हणाले, 'यंत्र चुकत नसतं आजोबा. अभिनंदन, मुलगी झाली!'"

गडी एवढा हसला की प्लास्टरमधला पाय हलून कळवळला. सूनबाई मात्र गंभीर. "अगंबाई! मग हो?"

"मग काय! आहारही बाळंतिणीचाच लिहून आलाय. रोज दोन डिंकाचे लाडू. यंत्राचा शब्द मोडायचा कसा?"

तिने लगेच एक लाडू माझ्या तळहातावर ठेवला. तुपाचा वास नाकात शिरला, मी तोंड उघडलं आणि मागून सिस्टरचा हात येऊन लाडू घेऊन गेला.

"आजोबा, उठा आधी! तो कॉम्प्युटर अजून खोक्यातच आहे, आणि तुम्ही त्याच्यावर बसलाय!"